एकदम फिट

धुळ्यात देवपूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन मशिनी, एक आरसा आणि बायांना बसायला बाकडं. दिवसभर माझ्या कानावर एकच शब्द आदळत असतो. बाह्या फिट करा, पण काखेत काचायला नको. मागचं कमरेत फारच फिट झालं होतं, या वेळी जरा हात सैल सोडा. लग्नाचं ब्लाउज टाकायला आलेल्या पोरी तर सांगतात, श्वास नाही घेता आला तरी चालेल, पण फिटिंग पाहिजे. या एका इंग्रजी शब्दावर माझं पोट चालतं, तेव्हा त्या शब्दाची निंदा मी करणार नाही. निंदा मला माणसांची करायची आहे, आणि ती मी पोटभर करणार आहे.

शब्द बिचारा सांगाल तिथे जातो. समोरचा मोटरवाला विहिरीवर पंप फिट करतो. डब्याचं झाकण फिट बसलं की बायांना समाधान वाटतं. शिरपूरच्या गाडीत तिघींच्या सीटवर चौथी येते आणि 'मी होते फिट' म्हणत बूड टेकवते. पांझरेच्या काठानं सकाळी फिरणारे पेन्शनर एकमेकांना 'काय, फिट ना?' असं विचारतात आणि दुसरा पोट आत ओढून 'एकदम' म्हणतो. मालवाहू गाडीचं फिटनेस करून आणावं लागतं, नाहीतर ती रस्त्यावर धरतात. मुलगा-मुलगी बघून दोन्हीकडून होकार आला की मध्यस्थ मांडीवर थाप मारतो आणि फिट करून टाकलं म्हणतो. आपलं मराठीतलं फिटणं वेगळं. पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, त्याचा या पाहुण्याशी काही संबंध नाही. तरी आमच्याकडे दोघं एकाच घरात सुखानं राहतात.

हे सगळं लोक मोठ्यानं बोलतात. फक्त एका ठिकाणी आवाज खाली जातो. बाई इकडेतिकडे बघते, पदर तोंडाजवळ नेते आणि म्हणते, तिला फिट येते हो. पूर्वी फेफरं म्हणायचे, आकडी म्हणायचे. ते शब्द ऐकायलाच वाईट, म्हणून डॉक्टरांचा शब्द आला, तर त्यालाही आम्ही आठ दिवसांत बाटवून टाकलं. शब्द नवा घेतला आणि लाज जुनीच ठेवली. ज्या तोंडानं गाडीचं फिटनेस गावभर सांगतात त्याच तोंडाला इथे काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कळून घ्यायची इच्छाही आता उरलेली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला फिट येते. मी हे मोठ्यानं लिहिते आहे.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याकडे तोंड करून असलेलं. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई आणि आम्ही दोघी मोठ्या काकांच्या, म्हणजे नानांच्या घरात वाढलो. नानांनी आम्हाला खायला-प्यायला काही कमी केलं नाही, हे खरं आहे आणि ते त्यांनी आम्हाला कधी विसरूही दिलं नाही. घरात शब्द त्यांचा चालायचा. आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि तेवढंच तिचं मत असायचं.

बहीण हायस्कूलला जायला लागली होती तेव्हा पहिली फिट आली. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती आणि बसल्या जागी आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. काकीनं धावत जाऊन नानांचा जोडा आणला आणि तिच्या नाकाला लावला. कोणीतरी मुठीत किल्ली कोंबली. शेजारच्या बाईनं दातखीळ उघडायला चमचा घातला आणि त्यात तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो दात अजून तसाच आहे. ती हसली की मला तो दिसतो, आणि दरवेळी त्या चमच्यासकट ती बाई आठवून माझं डोकं तापतं. पोर तडफडते आहे आणि तुम्ही तिला चामड्याचा वास देता. आजही देतात, गावात नाही, इथे धुळ्यात बसस्टँडवर देताना मी पाहिलं आहे.

धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हा आजार आहे, जसा बीपी असतो, साखर असते. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, चुकवायची नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आपोआप थांबते. बस. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली. बहीण शिकली, शिरपूरला कॉलेज केलं, गावाजवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. औषधानं आपलं काम चोख केलं होतं. घोटाळा केला तो घरानं.

डॉक्टरांकडून आल्याच्या दिवशी नानांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "हाऊ शब्द आपला घरमा नही पाहिजे." त्या दिवसापासून आमच्या घरातून तो शब्दच गेला. झाकण बरोबर बसायचं, ब्लाउज अंगासरशी व्हायचं. एकदा वायरमन येऊन होल्डर बसवून गेला आणि जाताना म्हणाला, नाना, होल्डर फिट केला बघा. नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी न पिता निघून गेला. बहिणीच्या दुखण्याला घरात 'ते' म्हणायचे. तिला ते होतं. तिचं ते बंद आहे. अशानं माणसाचं काय होतं सांगू? माझी बहीण स्वतःच्या घरात स्वतःच्या गोळ्या चोरून खायला शिकली. परसदारी जायची, तोंडात टाकायची, तोंड पुसून आत यायची.

माझं लग्न होऊन मी देवपूरला आले. काही वर्षांनी बहिणीला जामनेरचं स्थळ आलं. मुलगा केळीची पिकअप गाडी चालवायचा, गाडी स्वतःची, घरात आई आणि एक लग्न झालेली बहीण. सरळ माणसं दिसत होती. मी गावाला गेले आणि नानांना म्हटलं, आधी सांगून टाका. ज्याला चालेल तो करेल, न चालेल तो उठून जाईल. नाना जेवत होते. त्यांनी घास थांबवला नाही. म्हणाले, "तू तुनं घर सांभाळ." मी आणखी बोलले तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं, आणि आईनं मला हाताला धरून आत नेलं. बहीण आत बसली होती. मी म्हटलं, मीच सांगते त्यांना. ती रडायला लागली. म्हणाली, ताई, नाना आईला घराबाहेर काढतील. लग्न झालं की नवऱ्याला मी माझ्या तोंडानं सांगेन, तू मध्ये पडू नको. दुखणं तिचं होतं. सांगायचं की नाही, हा हक्क माझ्यापेक्षा तिचा होता, म्हणून मी थांबले. 

जामनेरला त्यांच्या ओट्यावर बोलणी झाली तेव्हा मुलाच्या आईनं रीतसर विचारलं, मुलीला काही दुखणं-खुपणं? नाना पानाला चुना लावत होते. "पोर आमनी एकदम फिट शे," म्हणाले. इतक्या वर्षांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. खोटं बोलायला त्यांना तो बरोबर सापडला.

गोळ्यांचं काय करायचं, तर त्यावर काकीनं डोकं चालवलं. पाकिटं फोडून गोळ्या एका प्लास्टिकच्या बाटलीत भरल्या. बाटली ताकदीच्या गोळ्यांची, वर धष्टपुष्ट बाईचं चित्र. सासरी सांगायचं, अंगात रक्त कमी आहे, डॉक्टरनं शक्तीसाठी दिल्या आहेत. संपल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर काकी नव्या पाठवणार. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. काकीला तर स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की ती मला दोनदा सांगायला आली.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि ती आमच्याच लोकांच्या लक्षात येऊ नये याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे ताकदीची वस्तू कधी एकटीची असते का? बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले तर घरात सगळ्यांच्या हातावर एकेक पडतो. सुनेसाठी टॉनिक आणलं तर सासू त्याचं झाकणभर नातवाला पाजते. बहिणीची सासू मायाळू बाई. नणंद, जिला बहीण अक्का म्हणायची, ती बाळंतपणाला माहेरी आली, बाळंतीण झाली, अशक्त झाली, तेव्हा सासूनं फळीवरची बाटली काढली आणि तिला सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायला लागली. सुनेला हसून म्हणाली, तुझ्या दोन कमी झाल्या तर चालतील ना गं?

बहीण काय म्हणणार होती? नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. दर फोनला नाना आधी एकच विचारायचे, तोंड उघडलं नाहीस ना. नणंद दिवसभर पेंगायला लागली. बाळही सुस्त, नीट प्यायचं नाही. सगळे म्हणायचे, बाळंतपणाचा थकवा आहे. बहिणीला कळत होतं. ती बाटली लपवायची, सासू शोधून काढायची. गोळ्या भराभर संपत चालल्या तशी ती स्वतः अर्धी घ्यायला लागली. काकीकडे मागितल्या तर नानांनी निरोप पाठवला, इतक्या लवकर कशा संपल्या, लोकांना संशय येईल, आता आखाजीला माहेरी येशील तेव्हा ने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या बहिणीनं तोवर मेंदू मुठीत धरून बसायचं होतं.

शेवटी तिनं मला फोन केला, गच्चीवरून, दबक्या आवाजात. मी ऐकलं आणि मशीनवरचं काम तसंच टाकलं. तिला म्हटलं, उद्या मी गोळ्या घेऊन येते. पण नणंदेची गोळी आज, आत्ता बंद कर, काय वाटेल ते कारण सांग. ती म्हणाली, सांगते.

दुसऱ्या दिवशी जळगावला गाडी बदलून मी जामनेरला पोचले. दारात चपला काढते आहे तोच आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूची हाक. आत जाऊन बघते तर बहीण स्वयंपाकघरात खाली, अंग ताठ, आणि सासू फोडलेला कांदा तिच्या नाकाला लावते आहे. नवरा तिचे हात दाबून धरतो आहे. मी कांदा हिसकून घेतला, तिच्या नवऱ्याला बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझा हात ठेवला. थोड्या वेळानं अंग सैल पडलं. मी दोघांवर ओरडले होते. ज्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं त्यांच्यावर ओरडले होते, आणि ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते सातपुड्याच्या पायथ्याशी निवांत पान खात बसले होते.

सासू घाबरून गेली होती. तिनं पहिलं काम काय केलं, तर आमच्या नानांना फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवून. पोर अशी अशी पडली, पूर्वी कधी झालं होतं का, विचारलं.  आता तरी हा माणूस बोलेल असं मला वाटलं. नाना शुद्ध मराठीत म्हणाले, "आमच्याकडे असं कधीच झालं नाही. तुमच्याकडेच पोरीला काहीतरी बाधलं असेल."

 माणूस खोटं बोलतो, भीतीपोटी बोलतो, ते मी समजू शकते. पण स्वतःच्या खोटेपणाचा चिखल त्या भल्या बाईच्या दारात नेऊन टाकायचा? मी फोनकडे हात केला, पण बोलण्याची वेळ माझ्यावर आली नाही. बहीण भिंतीला टेकून उठून बसली होती. जीभ चावली गेली होती, ओठाच्या कडेला रक्त होतं, शब्द जड येत होते. तिनं नानांकडे लक्षच दिलं नाही. आदल्या दिवशी सांगायचं धाडस झालं नव्हतं, ते सासूकडे बघत म्हणाली, "आई, अक्कांना ती गोळी देऊ नका. ती ताकदीची नाही. मला शाळेत असल्यापासून फिट येते, ती त्याची गोळी आहे."

फोन पलीकडून बंद झाला.

सासू आतल्या खोलीत गेली आणि नातवाला उचलून छातीशी धरून बाहेर आली.  मला म्हणाली, "तुमच्या घरात एकालाही तोंड नव्हतं का? मी माझ्या हातानं माझ्या बाळंतिणीला दिली."  तिचा राग शंभर टक्के खरा होता, आणि त्या दिवशी ज्याच्यावर मी उलटून चिडू शकले नाही असा तो एकटाच राग. तशीच ती लेकीला आणि बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. गोळी बंद झाली आणि दोघं सुधारली, हे नशीब. त्यात आमच्या घराचा काहीच मोठेपणा नाही.

बहिणीच्या नवऱ्यानं संध्याकाळी आम्हा दोघींना गाडीनं देवपूरला सोडलं.  उतरताना बहिणीला एवढंच म्हणाला, मला तरी सांगायचं होतंस. त्याच्या आईचा निरोप मात्र त्यानं स्पष्ट सांगितला. आजाराचं तिला काही नाही, सून ती ठेवून घेईल. पण जिथे बोलणी झाली होती त्या ओट्यावर, त्याच माणसांसमोर, नानांनी येऊन खरं काय ते सांगायचं.

यात काही जास्त मागितलं होतं का? एका म्हाताऱ्यानं गाडीत बसायचं, जामनेरला उतरायचं आणि एक वाक्य बोलायचं. पोरीचा संसार त्या एका वाक्यावर अडला होता. मी गावाला जाऊन नानांना सांगितलं. आईनं त्यांचे पाय धरले. नाना म्हणाले, घराण्याची अब्रू त्या बाईच्या ओट्यावर ठेवू का? त्यापेक्षा पोर माहेरी बसू द्या, मी पोसायला समर्थ आहे. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, अर्धं आता आठवत नाही म्हणून. आईला त्याच दिवशी मी माझ्याकडे घेऊन आले.

आखाजी आली आणि गेली. आमच्या गल्लीतल्या पोरी झोक्यावर बसल्या होत्या आणि बहीण माझ्या दुकानात ब्लाउजला हूक लावत बसली होती. नाना येणार नाहीत हे तिला तेव्हा पुरतं कळलं. सणानंतर एक दिवस ती उठली, वेणी घातली आणि म्हणाली, चल ताई.

जामनेरच्या त्या ओट्यावर सासूनं बोलावलेली माणसं बसली होती. त्यांना नाना अपेक्षित होते. बहिणीनं सरळ सांगितलं, नाना येणार नाहीत, जिचं दुखणं आहे तीच आली आहे. मला फिट येते, गोळी घेतली की येत नाही, लग्नाआधी तुमच्यापासून लपवलं, ते चूक होतं. कोणी मान खाली घातली, कोणी खाकरलं.  सासूनं विचारलं, गोळ्या कुठे ठेवशील? बहीण म्हणाली, फळीवर, सगळ्यांना दिसतील अशा, त्यांच्या पाकिटातच. सासू म्हणाली, ठेव. ती आजही आमच्या नानांशी बोलत नाही, आणि बरोबर करते.

हे सगळं मी लिहिते आहे ते मागच्या थंडीतल्या एका फोनमुळे. बहीण तपासणीला माझ्याकडे आली होती आणि काकीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि काकीनं हळूच विचारलं, "तुनी त्या गोळीनं नाव काय शे?" बहिणीनं विचारलं, कोणासाठी? काकीनं विषय बदलला. नातीसाठी, आमच्या चुलतभावाच्या पोरीसाठी का, असं बहिणीनं सरळ विचारलं. मग काकी म्हणाली, तिला ते होतं आहे, नानांनी कोणाला सांगायला नको म्हटलं आहे, डॉक्टरकडे नेलं तर गावात कळेल, तू नाव सांग, आम्ही दुकानातून आणू.

आम्ही दोघी दुपारच्या गाडीनं निघालो. दोघींच्या मनात एकच होतं. घरी पोचलो तेव्हा नाना बैठकीत होते. पोरीला उद्या धुळ्याला डॉक्टरकडे नेतो आहोत, असं आम्ही त्यांना सांगितलं, विचारलं नाही. ते उठून मळ्याकडे गेले. पोर स्वयंपाकघरात होती, लहान, अजून प्राथमिकला जाणारी. बहीण तिच्यासमोर खाली बसली आणि तिला विचारलं, बाळ, काय होतं तुला?

पोरीनं आधी दाराकडे बघितलं. मग तोंडावर हात धरला, बहिणीच्या कानाशी आली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माले फिट येस."